शिट्टीवाला गेम खराब नव्हता

बर्फावरची हॉकी मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेली नाही. बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर लग्नसराईत भुशात गुंडाळून आणलेल्या लाद्यांचा. तरीही कापसाच्या त्या वाईट वर्षांत, यवतमाळला शिकत असताना, मी आणि माझा चुलतभाऊ या खेळाच्या दोन कम्प्युटर गेमांवरून इतके भांडलो की आमच्या खोलीवर दुसरा विषय उरला नव्हता. दोन्हींतला कोणता चांगला, हा तो वाद. तो वाद मी जिंकला, आणि खोटं बोलून जिंकला. त्या खोट्यामुळे पुढे जे झालं ते लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

आम्ही दोघं एकाच घरातले. आमचं गाव फुलसावंगीच्या पुढे. माझे वडील आणि काका यांची शेती एकत्र, चूल एक. मी त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा, पण वर्ग एकच. बारावीनंतर दोघांनाही यवतमाळला बीएस्सीला घातलं आणि एकच खोली करून दिली. सुट्टीत गावी जायचं आणि परत यायचं तेही सोबतच. महागावला एसटी लागली की मी दाराच्या गर्दीत घुसायचो, शर्टाची बटणं तुटेपर्यंत. तो मात्र शांतपणे खिडकीजवळ जायचा, हात वर करून दस्ती, म्हणजे हातरुमाल, सीटवर टाकायचा आणि सगळे चढून झाले की मागून येऊन बसायचा. कधी कधी त्याने दोन दस्त्या टाकलेल्या असायच्या. एक माझ्यासाठी.

कॉलेज सकाळचं होतं. दुपारी मी एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायचो. शिकवायचो म्हणजे काय, मशीन चालू कसं करायचं, मराठी टायपिंग, अर्ज कसा टाइप करायचा, एवढंच. क्लासचे सर दुपारी जेवायला घरी जात आणि झोप काढूनच येत. तेवढ्या वेळात भारनियमन नसेल तर कम्प्युटर आमचे. चुलतभाऊ कॉलेजातून थेट तिथे यायचा.

एकदा सरांनी नागपूरहून गेमच्या सीड्या आणल्या, रस्त्यावर विकतात तसल्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीतल्या. पोरं क्लासला टिकावीत म्हणून. आमच्या जुन्या मशीनवर त्यातल्या बऱ्याच चालल्या नाहीत. ज्या चालल्या त्यात दोन हॉकीच्या होत्या. हॉकी म्हटल्यावर आम्हाला वाटलं, हे आपलंच. चालू केलं तर मैदान पांढरं.

"मॉनिटर गेला," मी म्हणालो.

चुलतभावाने मॉनिटरची रंगाची बटणं दाबून पाहिली. मग मागची केबल काढून फुंकर मारून परत लावली. मैदान पांढरंच. सर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की कार्ड खराब दिसतं, हिरवा रंग येत नाही. सरांनी दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं, तिथेही तेच. दोन दिवस आम्ही ते मैदान हिरवं करायच्या मागे होतो. शेवटी चुलतभाऊच म्हणाला, "अबे, त्याह्यच्या पायात पाह्य. ते घसरून राह्यले. तो बरफ हाय."

ही आमची पहिली चूक. ती हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही.

दोन्ही गेम एकाच खेळाचे, पण हाताला अगदी वेगळे लागायचे. आम्ही त्यांची खरी नावं कधी घेतली नाहीत. एकाला म्हणायचो पळता, दुसऱ्याला शिट्टीवाला.

पळता गेम मला पहिल्या दिवसापासून आवडला. बटण दाबलं की माणूस तेल लावल्यासारखा सुटायचा. चेंडूच्या जागी असलेली काळी चकती काठीला चिकटून राहायची, कशीही वळवा. गोल झाला की भोंगा वाजायचा, लोक आरडाओरडा करायचे, दिवे लागायचे. दोन खेळाडू हातमोजे फेकून मारामारी करायचे, आणि पंच बघत उभे राहायचे. क्लासची पोरं तेवढ्यासाठी मागे गोळा व्हायची. गोलामागे गोल पडायचे. शिवाय मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात एक जागा होती, तिथून चकती मारली की गोलकीपर काहीही करो, आत जायचीच. ती जागा मला सापडली होती.

चुलतभावालाही ती माहीत होती, पण तो तिथून मारत नसे. "ते काय जिकनं हाय?" म्हणायचा. "गोलकीपर आंधळा, अन् तू पैलवान."

त्याला शिट्टीवाला आवडायचा. त्यातल्या माणसांना वजन होतं. जोरात धावणारा माणूस एकदम वळायचा नाही, आधी घसरायचा. चकती काठीपासून सुटायची. पास द्यायचा तर माणूस आहे तिथे देऊन चालायचं नाही, तो जिथे पोचणार तिथे द्यावा लागायचा. खेळता खेळता बर्फावर ओरखडे पडायचे आणि चकती हळू व्हायची. मधल्या सुट्टीत एक गाडी येऊन सगळा बर्फ गुळगुळीत करून जायची. ते दृश्य बटण दाबून पुढे ढकलता यायचं, पण तो ढकलू द्यायचा नाही.

"थांब ना. वखर मारून राह्यला तो."

"पाह्यलं ना कालच."

"काल वेगळं वावर होतं."

या गेमची एकच अडचण होती. चांगला डाव रंगात आला की मध्येच शिट्टी वाजायची आणि खेळ थांबायचा. का, ते कळायचं नाही. कोणी पडलेलं नसायचं, गोल झालेला नसायचा. पंच हात वर करायचा, इंग्रजीत कोणीतरी काहीतरी भराभर बोलायचं, आणि खेळ पुन्हा मागून सुरू. पळत्या गेममध्ये असं होत नव्हतं. म्हणून मी निकाल देऊन टाकला की ही सीडी खराब आहे. रस्त्यावरचा माल, कॉपी करताना काहीतरी बिघडलं असणार. क्लासमध्ये कम्प्युटर मी शिकवत होतो, त्यामुळे माझा शब्द चालायचा. सरही म्हणू लागले, ती खराब सीडी.

चुलतभावाने आधी माझ्यावर विश्वास ठेवला. सीडी खराब आहे म्हणजे ती साफ करायला हवी. घरून वातींसाठी आणलेला कापूस आमच्या खोलीवर देवापाशी असायचा. त्याचा बोळा करून, त्यावर टूथपेस्ट घेऊन त्याने ती सीडी मधून कडेला अशी हळूहळू घासली, धुतली, शर्टाला पुसली. शिट्टी वाजायची ती वाजतच राहिली. मग त्याला शंका येऊ लागली.

"सीडी खराब असती त कधीबी अटकली असती," तो म्हणाला. "हे त एकाच जागी अटकते. त्या निळ्या रेघेपाशी."

"मंग तिथंच खराब असन."

"मैदानाची रेघ सीडीवर आखली हाय काय बे?"

मी हसलो. पोरंही हसली. त्याने मात्र खेळायची पद्धत बदलली. समोरच्याच्या बाजूची निळी रेघ आली की तो आपला माणूस तिथे थांबवायचा. चकती हातात असली तर ती पुढे ढकलायचा आणि मग मागून जायचा. नसली तर नुसता उभा राहायचा. असं केलं की शिट्टी वाजत नाही, एवढं त्याला दिसलं होतं. का वाजत नाही, ते समजलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्या गेमवर तो मला हरवू लागला होता, कारण मी रेघ ओलांडून आत घुसायचो आणि माझा प्रत्येक चांगला डाव शिट्टीवर मोडायचा.

"बैलावानी उभा काहून राह्यतो बे रेघेवर?" मी पोरांसमोर विचारायचो.

"बैलाले बांध समजते," तो म्हणायचा. "तुले समजत नाही."

पोळ्याच्या आधीची गोष्ट. क्लासमध्ये मी एकटाच होतो. शिट्टीवाल्या गेमच्या सुरुवातीच्या पानावर एका कोपऱ्यात सेटिंगची यादी होती. आम्ही तिथे कधी गेलो नव्हतो. गेलं आणि काही बिघडलं तर सर ओरडतील ही भीती. त्या दिवशी मी गेलो. यादीत एक शब्द दिसला, ऑफसाइड, आणि पुढे 'चालू'. हा शब्द पेपरमध्ये फुटबॉलच्या बातमीत वाचलेला होता. मी 'बंद' केलं आणि खेळायला बसलो. शिट्टी वाजली नाही. परत 'चालू' केलं. वाजली. मग पळता गेम उघडला, त्याची यादी शोधली. तिथेही तोच शब्द होता, आणि तो आधीपासून बंद होता.

सीडी खराब नव्हती. तो नियम होता. चकतीच्या आधी माणसाने त्या रेघेच्या आत जायचं नाही, एवढा साधा नियम. दोन्ही गेमांत तो होता, एकात चालू आणि दुसऱ्यात बंद. इतके महिने आम्ही दोन गेमांची तुलना करत होतो, पण खरी तुलना झालीच नव्हती. एक खेळ नियमाने चालला होता, एक नियमाशिवाय, आणि ज्याच्यात नियम नव्हता त्याला मी चांगला म्हणत होतो. आणि माझा भाऊ, ज्याच्यावर मी पोरांना हसवत होतो, तो नुसतं पाहून पाहून त्या नियमाच्या उंबरठ्यावर येऊन उभा होता.

मी यादी होती तशी केली आणि बंद केली. त्याला सांगितलं नाही.

तेव्हा यात नुकसान कोणाचंच नव्हतं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. पोरांसमोर माझा शब्द खोटा पडू नये, एवढंच कारण होतं. तो संध्याकाळी आला, दोघं खेळलो, शिट्टी वाजली, आणि मी नेहमीसारखा म्हणालो, "पाह्य, अटकला तुहा गेम." ते वाक्य तोंडातून किती सहज निघालं याचं मला आजही नवल वाटतं.

पोळा झाला आणि काही दिवसांनी क्लासच्या फोनवर काकांचा फोन आला.

त्या वर्षांत यवतमाळचा म्हटलं की बाहेरची माणसं आवाज खाली करून विचारायची, तुमच्याकडे ते फार चालू आहे म्हणे. आमच्या घरात तसं काही झालं नाही. आमच्याकडे झालं ते इतकंच की कापसाच्या कामाला माणूस राहिना. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर घरी राहणारा गडी, पोळ्याची सुट्टी म्हणून आपल्या गावी गेला आणि परतलाच नाही. कोणी म्हणे तो वर्ध्याकडे विटांवर गेला, कोणी म्हणे पुण्याला. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं दुखणं तेव्हाच वाढलं होतं. वेचणी तोंडावर. शिवाय कापूस खरेदी केंद्रावर नेला की गाड्यांच्या रांगेत कोणाला तरी रात्रंदिवस थांबायला लागायचं.

फोन मी घेतला. काका म्हणाले, "सीतादहीच्या आत तुमच्यातलं एक जण या. कोन यायचं ते तुमचं तुमी ठरवा. मी ठरवलं त जन्मभर बोल लागन मले."

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीच्या आधी वावरात दहीभात ठेवून करतात ती पूजा. म्हणजे फार दिवस नव्हते.

काका म्हणाले होते, सीझनपुरतं. पण सीझनपुरतं म्हणून गेलेली आमच्या गावची दोन पोरं आम्हाला माहीत होती. त्यांची पुस्तकं अजून त्यांच्या खोलीवाल्यांकडे पडली होती. जो जाईल तो परत येणार नाही, हे आम्ही दोघांनी एकमेकांना बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "गेमवर ठरवू."

"काय ठरवू?"

"कोन जाते ते. दोन मॅच. एक तुह्या गेमवर, एक माह्या गेमवर. दोन्ही जो जिकन तो राहीन. बरोबरी झाली त चिठ्ठी टाकू."

यापेक्षा सरळ न्याय असू शकत नव्हता. माझ्या गेमवर मी जिंकलो असतो, त्याच्यावर तो, आणि मग चिठ्ठी. निम्मी शक्यता त्याची, निम्मी माझी. मला ती निम्मी नको होती. मला राहायचं होतं.

"खराब सीडीवर कायची मॅच?" मी म्हणालो. "कधी अटकन, कोनाच्या बाजूनं अटकन, काही नेम नाही. उद्या तू हरला त म्हनशीन शिट्टीनं हरवलं."

"मी नाही म्हननार."

"मी म्हनीन ना मंग."

तो विचार करत बसला. त्या वेळी त्याचा चेहरा कसा होता ते मला आठवतं, पण वर्णन करत नाही. शेवटी मान हलवून म्हणाला, "बरोबर हाय. खोट्या काट्यावर माल नाही मोजत."

काटा खोटा नव्हता. खोटा मी होतो, आणि माझ्या खोटेपणाला त्याने कापूस मोजणाऱ्याची म्हण लावून मान्यता दिली होती.

पळत्या गेमवर एकच मॅच झाली. आम्ही एकाच कीबोर्डवर खेळायचो, तो डाव्या बाजूच्या अक्षरांवर, मी उजवीकडच्या बाणांवर. खांद्याला खांदा लागायचा. क्लासची दोन-तीन पोरं मागे उभी होती, त्यांना कशाची मॅच आहे ते ठाऊक नव्हतं. मी कोपऱ्यातल्या त्या जागेवरून मारत गेलो. प्रत्येक वेळी भोंगा, प्रत्येक वेळी दिवे. त्यानेही गोल केले, बरेच केले, पण त्या जागेवरून एकही मारला नाही. हरणार हे दिसत असतानाही नाही. शेवटची काही मिनिटं उरली असताना मी त्याला कोपराने ढोसून म्हणालो, "मार ना तिथून, कोनं मना केलं?"

"तू मार," तो म्हणाला. "तुहीच जागा हाय ते."

संपल्यावर त्याने हात मागे घेतले, बोटं मोडली आणि म्हणाला, "चाल, चहा पिऊ." चहा पिताना आम्ही खोलीतली भांडी कोणी ठेवायची यावर बोललो.

गावी जायला निघताना त्याने सरांना ती शिट्टीवाली सीडी मागितली. सर म्हणाले, "ने ना, खराबच आहे ती." आमच्या गावी तेव्हा एकही कम्प्युटर नव्हता. तो का मागतो आहे हे मी विचारलं नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा कळलं. ज्वारी दाण्यावर आली होती. वावराच्या कडेला दोन बांबूंमध्ये दोरी बांधून त्याने ती सीडी टांगली होती, पाखरं उडवायला. वाऱ्यावर ती फिरायची आणि उन्हात लख्खकन चमकायची. त्याच्या हाताला बोंडांचे ओरखडे होते. तो मला खुशीने दाखवत होता की पोपट कसे जवळ येत नाहीत.

"माहा गेम नाही अटकत अता," तो म्हणाला. "चांगला फिरून राह्यला पाह्य."

मी तेव्हा सांगू शकलो असतो. त्याची परीक्षा अजून व्हायची होती. मी त्याच्यासोबत बांधावर बसून ज्वारीचं कणीस भाजून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळला परतलो.

तो परीक्षेला बसला नाही. पुढच्या वर्षी सालदार मिळाला, पण तोवर काकांना दम्याचा त्रास सुरू झाला होता. मग त्याचं लग्न झालं. मी बीएस्सी झालो, एमएस्सी झालो, यवतमाळलाच कनिष्ठ महाविद्यालयात लागलो. तो आज गावात चांगली शेती करतो. कापूस कमी केला, सोयाबीन आणि तूर वाढवली, ठिबक आहे, चार माणसं त्याला विचारून पेरतात. तो दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझं अपराधीपण जरा मोठं दिसेल, आणि त्यातही माझीच सोय होईल.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याने फोन केला. मुलीला यवतमाळला कॉलेजात घालायचं होतं, बीएस्सीलाच. होस्टेलमध्ये नको, तुझ्याकडे राहील का, असं त्याने विचारलं. मी लगेच हो म्हणालो. मग रात्रभर मला वाटत राहिलं की ज्या माणसाला मी फसवलं तो आपली पोर माझ्या भरवशावर ठेवायला येतो आहे, आणि कशावर भरवसा ठेवतो आहे हे त्याला माहीत नाही.

ते दोघं आले. प्रवेश झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी माझ्या बायकोबरोबर वह्या आणायला गेली होती. आम्ही दोघं गच्चीवर चहा घेत होतो. मी सुरुवात कशी करावी ते ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"तो शिट्टीवाला गेम आठवते का तुले?"

"आठवते ना. पाखरं उडवाले टांगला होता."

"ते सीडी खराब नोहती."

त्याने कप खाली ठेवला. मी त्याला नियम सांगितला. निळी रेघ, चकती आधी, माणूस मागून. त्याने मला मध्येच थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर त्याने पहिला प्रश्न नियमाचाच विचारला.

"अन् चकती मांगं परतली, अन् आपला माणूस आतच राह्यला, त?"

"त बाहेर यायचं. मंग परत जायचं."

"म्हनजे मी उभा राह्यत होतो ते बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं."

तो हसला, मनापासून. "अन् मी टूथपेस्ट घासून राह्यलो होतो. देवाचा कापूस खतम केला." थोडा वेळ तो तसाच हसत होता. मग हसू हळूहळू कमी झालं आणि ज्याची मी वाट पाहत होतो तो प्रश्न त्याने विचारला, "हे तुले कधी समजलं?"

इथे मला अजून पळवाट होती. आत्ता वाचलं, माझ्या मुलाने सांगितलं, असं काहीही म्हणता आलं असतं.

"पोळ्याच्या आधी," मी म्हणालो.

"कोनत्या पोळ्याच्या?"

"त्याच."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. चुलतभावाने कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, चांगले नसावेत.

"दोन मॅच झाल्या असत्या त," तो सावकाश म्हणाला, "चिठ्ठीत माहं नाव आलं असतं का तुहं, कोनाले ठाऊक. मी तरीबी गेलो असतो, असं असू शकते." थांबून म्हणाला, "पन माह्या गेमवर मी तुले हरवलं असतं. एवढं ठाऊक हाय."

"हो."

"ते मॅच तू खाल्ली माही."

"हो."

यानंतर तो उठला. अंघोळ केली, जेवला, मुलीला कुठे काय ठेवायचं ते सांगितलं. दुपारी मी त्याला स्टँडवर सोडायला स्कूटरवर निघालो. वाटेत तो मागून म्हणाला, "ती हुशार हाय, पन विचारत नाही. एखांदा नेम तिले समजला नाही, अन् तुले समजला, त सांगत जाय. लपवून नोको ठेवू."

मी म्हणालो, "सांगीन."

"पोरीसाठी म्हनतो. मी काही शिव्या नाही देऊन राह्यलो तुले."

"समजलं."

स्टँडवर महागावची गाडी लागली तेव्हा नेहमीचीच झुंबड उडाली. मी सवयीने त्याची पिशवी घेऊन दाराकडे वळलो. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, खिडकीपाशी गेला, टाचा उचलून पिशवी आतल्या सीटवर सरकवली आणि बाजूला उभा राहिला. माणसं एकमेकांना ढकलत चढत होती. तो माझ्याजवळ उभा होता, हात मागे बांधून, त्या रेघेवर त्याचा माणूस उभा राहायचा तसा. दार मोकळं झालं तेव्हा सावकाश चढला आणि पिशवी उचलून जागेवर बसला.

खिडकीतून त्याने माझ्याकडे पाहिलं. "वाजली का शिट्टी?"

"नाही," मी म्हणालो.

"वाजतच नाही," तो म्हणाला, आणि कंडक्टरकडे वळून त्याने तिकीट मागितलं.